अहमदनगर जिल्ह्याचे इतिहासग्रंथ : एक परीक्षण

१

अहमदनगर जिल्ह्याविषयीं लिहिलेले ग्रंथ थोडे नाहींत. फारसी तवारिखा आहेत, संस्कृत ग्रंथांच्या पुष्पिका आहेत, सरकारी गॅझेटियरें आहेत, उत्खननांचे अहवाल आहेत, निजामशाहीवरील प्रबंध आहेत, संतचरित्रें आहेत, आणि गेल्या कांहीं दशकांत गांवोगांवीं निघालेलीं गौरवपुस्तकेंही आहेत. इतकें असूनही ‘या जिल्ह्याचा इतिहास कोणत्या एका ग्रंथांत वाचावा?’ असें एखाद्या जिज्ञासूनें विचारलें तर उत्तर देतांना जाणत्यासही अडखळावें लागतें. हें असें कां व्हावें, उपलब्ध ग्रंथांपैकीं कोणत्यावर किती भार टाकावा, आणि जी उणीव राहिली आहे ती कोणत्या मार्गानें भरून निघेल, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. सन २०२४ मध्यें जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव मिळालें. नवें नांव मिळालें कीं नवीं पुस्तकें निघतात व जुनीं नव्या वेष्टनांत पुन्हां छापलीं जातात. म्हणून हें परीक्षण लांबणीवर टाकणें इष्ट नव्हे.

परीक्षणास कांहीं माप हवें. इंग्लंडांत परगण्यांचे इतिहास लिहिण्याची परंपरा विल्यम लॅम्बार्डच्या केंट परगण्यावरील १५७६ च्या ग्रंथापासून धरतात. तिला खरी शिस्त लाविली ती सर विल्यम डग्डेल यानें. १६४१ सालीं यादवी युद्धाचीं चिन्हें दिसूं लागतांच हा गृहस्थ चर्चें, थडगीं व दप्तरें यांच्या नकला करीत फिरला. पुढें युद्धांत त्यांतील पुष्कळ वस्तूंचा नाश झाला आणि डग्डेलच्या नकला तेवढ्या उरल्या. त्याचा वॉरिकशायरचा इतिहास १६५६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत विधान आणि त्याचा आधार हीं शेजारीं शेजारीं आहेत; कागद कोणाच्या घरीं पाहिला हेंही तो नोंदवितो. १८९९ मध्यें सुरू झालेली, परगण्यापरगण्यानें चाललेली व अद्याप पुरी न झालेली मोठी ग्रंथमाला याच शिस्तीची वारस आहे. यावरून तीन कसोट्या निघतात. विधानास आधार दिला आहे काय? राजाच्या कथेबरोबर गांवाची कथा सांगितली आहे काय? आणि मूळ साधन आज कोठें आहे हें वाचकास कळतें काय? या तिन्ही कसोट्या परदेशांतून आल्या म्हणून आम्हांस परक्या नाहींत. आपल्याकडील साधनसंग्राहकांनींही पत्राचें मूळ, धनी आणि मिति देण्याचा परिपाठ ठेविलाच होता. नगर जिल्ह्याचे ग्रंथ आतां याच कसोट्यांस लावून पाहूं.

२

पहिला मान फारसी ग्रंथांचा. शहर १४९४ मध्यें वसविणाऱ्या अहमद निजामशहाच्या घराण्याविषयीं दोन मुख्य ग्रंथकार आहेत. एक सय्यद अली तबातबा, ज्यानें दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रयानें ‘बुऱ्हान-ए-मआसिर’ लिहिला व कथा १५९६ पर्यंत आणून सोडली. दुसरा महंमद कासीम फिरिश्ता, जो ऐन उमेदींत नगरच्या दरबारीं चाकरीस होता, १५८९ मध्यें विजापुरास गेला, आणि तेथें राहून ज्यानें आपला मोठा इतिहास सिद्ध केला. तबातबाचा निजामशाहीविषयक भाग वुल्झ्ली हेग यानें १९२० ते १९२३ या काळांत इंग्रजींत आणिला. मूळ फारसी ग्रंथ १९३६ मध्यें छापून निघाला. आणि मराठी वाचकांस भ. ग. कुंटे यांनीं १९६२ सालीं ‘अहमदनगरची निजामशाही’ या नांवानें तो उपलब्ध करून दिला. कुंट्यांचे उपकार मोठे आहेत. फारसी न जाणणाऱ्या स्थानिक अभ्यासकास तबातबा हाताशीं आला तो त्यांच्यामुळेंच.

परंतु हाताशीं आलेला ग्रंथ कसा वाचावा, हें शिकविणें राहून गेलें. घराण्याच्या मूळाचाच प्रश्न घ्या. फिरिश्ता सांगतो कीं, अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळांतला, बहमनी फौजेच्या हातीं लागून बाटलेला. तबातबा मात्र अहमदास थेट बहमनी सुलतानाचा पुत्र ठरवितो. जिल्ह्यावरील लोकप्रिय पुस्तकांत या दोहोंपैकीं एक कथा निर्विवाद म्हणून दिलेली आढळते आणि दुसरीचा नामनिर्देशही नसतो. कोठें कोठें तर दोन्ही कथा एकाच परिच्छेदांत गोडीगुलाबीनें नांदतात!

येथें विवेक करावयाचा तो असा. तबातबा निजामशहाचें अन्न खाऊन निजामशहाकरितां लिहीत होता; धन्यास राजवंशीय ठरविण्यांत त्याचा स्वार्थ उघड आहे. उलट फिरिश्ता विजापुरास बसून लिहीत होता. प्रतिस्पर्धी घराण्याचें मूळ हीन दाखविण्याचा मोह त्यासही पडूं शकतो. म्हणजे केवळ ‘हा दरबारी, तो निःपक्षपाती’ एवढ्यानें निकाल लागत नाहीं. निकालास दुसरें कारण हवें, आणि तें फिरिश्त्याच्याच कथनांत आहे. पहिल्या बुऱ्हाण निजामशहानें पाथरीसाठीं वऱ्हाडच्या इमादशहाशीं तंटा मांडला, पूर्वजांचें गांव म्हणून त्यावर हक्क सांगितला व तें घेतल्यावर तेथील नातलग ब्राह्मणांकडे त्याचें उत्पन्न लावून दिलें, असें तो सांगतो. वंशावळ लिहिणाऱ्यास खोटें लिहिणें सोपें असतें. परंतु राजा एका गांवाकरितां शेजाऱ्याशीं लढतो ही गोष्ट सहज रचिली जात नाहीं. म्हणून आमचें मत फिरिश्त्याच्या बाजूस झुकतें. तथापि शेवटचा शब्द पाथरीच्या वतनी कागदांचाच असावयाचा. पाथरी आज परभणी जिल्ह्यांत आहे. नगरच्या इतिहासाची किल्ली नगरच्या सीमेबाहेर असूं शकते, ही जाणीव जिल्हानिष्ठ लेखकांनीं ठेविली पाहिजे.

फारसी साधनांतलें तिसरें रत्न आमच्या वाचकांच्या अधिक परिचयाचें आहे. आफताबी नांवाच्या कवीचें ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हें काव्य, त्याच्या सचित्र हस्तलिखितासह, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे, गो. त्र्यं. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनीं तें १९८७ मध्यें संपादून प्रसिद्ध केलें. हुसेन निजामशहा १५६५ च्या जानेवारींत तालिकोटच्या रणांत विजयी झाला व त्याच वर्षीं वारला. त्याच्या स्तुतिपर या पोथींतल्या चित्रांत राजाच्या शेजारीं बसलेली राणी खुंजा हुमायूं हिची आकृति पुढें कोणीतरी रंग फांसून झांकून टाकिली आहे. राजाच्या पश्चात् राणीनें अल्पवयी मुर्तजाच्या नांवानें कारभार केला आणि मग मुलानेंच तिला सत्तेवरून दूर केलें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्या फांसलेल्या रंगाचा अर्थ उलगडूं लागतो. चित्र आधीं काढलें व मागाहून पुसलें, म्हणजे पोथीचा काळही त्या अल्प मुदतींत बसतो. पोथीसंग्राहकांनीं यापासून घ्यावयाचा धडा असा कीं, पानावरील डाग, खाडाखोड व चिकटविलेले तुकडे ‘स्वच्छ’ करण्याच्या नादीं लागूं नये. डागही कधीं कधीं साक्ष देतो.

३

संस्कृत साधनांकडे स्थानिक इतिहासकारांनीं जवळजवळ पाठ फिरविली आहे, आणि याची आम्हांस सर्वांत अधिक खंत वाटते. निजामशाही म्हणजे फारसीच, असा ग्रह होऊन बसला आहे. परंतु ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्रावरील विस्तृत निबंधग्रंथ ज्या दलपतिराजानें रचिला तो देवगिरीचा अधिपति असलेल्या निजामशहाच्या पदरचा अधिकारी होता, ही गोष्ट ग्रंथावरूनच सिद्ध आहे. पहिल्या बुऱ्हाणाच्या आश्रयास असलेल्या साबाजी प्रतापराजाविषयीं प. कृ. गोडे यांनीं लिहून पाऊणशें वर्षें उलटून गेलीं. सुलतानाच्या पदरीं राहून श्राद्ध, दान व प्रायश्चित्त यांवर निबंध लिहिणारे हे पंडित कोण होते, त्यांस वेतन कोणत्या उत्पन्नांतून मिळे, त्यांचीं घराणीं पुढें कोठें गेलीं, हे जिल्ह्याच्या इतिहासाचेच प्रश्न आहेत. तरी जिल्ह्यावरील मराठी पुस्तकांत या नांवांचा आढळ विरळाच. पुष्पिकेंतील दोन ओळी वाचावयास फारसी नको, मोठा प्रवासही नको. छापील हस्तलिखितसूची चाळण्याचे श्रम घेतले तरी आरंभास पुरे.

दुसरें उदाहरण ‘शिवभारता’चें. कवींद्र परमानंद हा नेवाशाचा. म्हणून त्याचें उपनांव नेवासकर. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें त्यानें लिहिलेलें हें काव्य स. म. दिवेकर यांनीं तंजावरच्या प्रतीवरून १९२७ मध्यें प्रकाशांत आणिलें. प्रवरेकांठच्या कवीची पोथी कावेरीकांठीं सांपडावी, यावरून आपल्या जिल्ह्याचे कागद किती दूर शोधावे लागतात हें समजेल. या काव्याच्या आरंभीच्या अध्यायांत भातवडीच्या लढाईचें वर्णन आहे. १६२४ सालीं मलिक अंबरानें मोंगल व आदिलशाही यांच्या एकत्र फौजेस नगरपासून थोड्याच कोसांवर असलेल्या या गांवीं धूळ चारली. शहाजीराजांचे बंधु शरीफजी याच रणांत पडले. फारसी तवारिखांतील अंबराचा विजय आणि परमानंदाच्या काव्यांतील भोसल्यांचा पराक्रम ही एकाच दिवसाचीं दोन चित्रें आहेत. एक सेनापतीचें, दुसरें त्याच्या सरदारांचें. भातवडीचा तलाव, मेहकरी नदीचें पात्र व आसपासची चढउतार पाहून या दोन वर्णनांचा मेळ घालणें हें काम जितकें स्थानिक माणसास साधेल तितकें दूरच्या पंडितास साधणार नाहीं. आमच्या पुस्तकांत मात्र दोहोंपैकीं एकच वर्णन घेऊन, लेखकाच्या कलाप्रमाणें एकदां अंबरास व एकदां शहाजीराजांस सर्व श्रेय देण्याची रीत पडली आहे.

४

आतां गॅझेटियर. मुंबई इलाख्याच्या मालेंतील सतरावा भाग, अहमदनगर, जेम्स कॅम्बेल याच्या संपादकत्वाखालीं १८८४ सालीं निघाला. गांवाची कथा सांगितली आहे काय, या आमच्या दुसऱ्या कसोटीस त्या काळच्या ग्रंथांत हाच एक उतरतो. जमीन, पिकें, जाती, बाजार, सावकारी, न्याय, शाळा आणि शेवटीं अकारविल्हे स्थळें, अशी त्याची मांडणी आहे. १८७५ च्या दंग्यांत पारनेर, श्रीगोंदें, कर्जत या भागांतील कुणब्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. त्यास दहा वर्षें होण्यापूर्वींच हा ग्रंथ निघाल्यामुळें त्यांतील भांडवल व कर्ज यांविषयींचें प्रकरण आजही वाचनीय आहे. स्थळवर्णनांतही कित्येक ठिकाणीं लोकभ्रमास बळी न पडतां खरें तें नोंदविलें आहे. शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर जी अष्टकोनी तीन मजली इमारत आहे तीस लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर होय, हें गॅझेटियरांत स्पष्ट आहे. तरीही सहलीसाठीं छापलेल्या किती तरी पुस्तिकांत चांदबिबी अद्याप त्या महालांतून किल्ल्याकडे पाहतच आहे!

पण याच ग्रंथाचे दोष वंशपरंपरेनें उतरत आले आहेत. त्याचा इतिहासभाग मुख्यतः फिरिश्त्याच्या ब्रिग्जकृत १८२९ च्या भाषांतरावर व ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथावर उभा आहे. तबातबा त्या वेळीं इंग्रजींत आलेला नव्हता, शिवभारत उजेडांत नव्हतें, मराठी दप्तरांचे संग्रह छापले गेले नव्हते. संकलन करणारे अधिकारी, माहिती पुरविणारे मामलेदार. म्हणून प्रजेच्या जीवनाचें वर्णन आहे तें बहुधा कचेरींतून दिसलेलें. हे दोष १८८४ सालीं क्षम्य होते. सव्वाशें वर्षांनीं तेच उतारे मूळाचें नांव न घेतां मराठींत उतरविणें क्षम्य नाहीं. १९७६ मध्यें राज्य सरकारनें काढलेली सुधारून वाढविलेली आवृत्ति शेती, सहकार, शिक्षण यांच्या नव्या माहितीकरितां उपयुक्त आहे. परंतु स्थळवर्णनाचा जुना सांगाडा तिच्यांतही मोठ्या प्रमाणावर कायम राहिला. आणि पुष्कळ नव्या पुस्तकांत ‘संशोधन’ म्हणून जें येतें तें या दोन गॅझेटियरांचें भाषांतरित मिश्रण असतें. परीक्षा सोपी आहे. पुस्तकांतील विधान १८८४ च्या भागांत शोधावें. शब्दक्रमासह सांपडलें तर नवा लेखक साक्षीदार नसून केवळ नकलनवीस आहे असें समजावें.

५

गॅझेटियरास जें ठाऊक असणें शक्यच नव्हतें तें भूमीनें दिलें. हेन्री कझिन्सचा दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील १९३१ चा ग्रंथ रतनवाडी, टाहाकारी, पेडगांव येथील मंदिरांचीं मापें व रेखनें देतो. संगमनेर तालुक्यांतील जोर्वें येथें १९५०–५१ मध्यें खोदकाम झालें व त्या गांवाच्या नांवानें एक सबंध ताम्रपाषाणयुगीन संस्कृति ओळखली जाऊं लागली. ह. धी. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं १९५४ ते १९५६ या काळांत नेवाशास उत्खनन केलें. त्याचा १९६० सालचा अहवाल इतिहासकाळापासून मागें मागें जात अश्मयुगापर्यंत पोंचतो. दायमाबादचें स्थळ १९५८ मध्यें उजेडांत आलें. तेथील शेवटच्या मोठ्या उत्खननाचा सां. आ. साळी यांनीं लिहिलेला अहवाल १९८६ सालीं निघाला.

या अहवालांविषयीं आमची तक्रार एवढीच कीं ते मराठींत नाहींत, आणि म्हणून त्यांतील शंका वाचकांपर्यंत पोंचत नाहींत. निष्कर्ष तेवढे पोंचतात. दायमाबादच्या काशाच्या चार वस्तु घ्या : हत्ती, गेंडा, रेडा व बैलजोडीचा रथ. या १९७४ मध्यें शास्त्रीय खोदकामांत सांपडल्या नाहींत; गांवच्या एका भिल्ल रहिवाशास झाडाचें मूळ खणतांना त्या लाभल्या. वजन चारांचें मिळून साठ किलोहून अधिक. साळी, म. के. ढवळीकर यांसारख्या विद्वानांनीं त्यांस उत्तर-हडप्पा काळच्या मानिलें. धर्मपाल अगरवालांनीं धातूंतील आर्सेनिकाच्या प्रमाणावरून तो काळ संशयास्पद ठरविला. थर ठाऊक नसल्यामुळें हा वाद उत्पन्न झाला. मराठी पुस्तकांत मात्र ‘चार हजार वर्षांपूर्वींचा रथ’ असें निःशंक लिहिलेलें असतें. विद्वानांनीं संशय ठेविला तेथें आपण निश्चय लिहिणें म्हणजे वाचकाची फसवणूक होय. गांवच्या माणसास वस्तु सांपडली कीं ती हलविण्यापूर्वीं जागा, खोली व आसपासची माती यांची नोंद करणें किती अगत्याचें आहे, हेंही या वादानें शिकविलें आहे.

६

संतचरित्रांचा उपयोग सर्वांत अधिक होतो व सर्वांत कमी सावधपणें होतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें नेवाशास झाली. ताहराबादच्या महिपतिबोवांनीं ‘भक्तविजय’ शके १६८४ मध्यें पुरा केला. मध्यें चारशें बहात्तर वर्षें गेलीं. महिपति हे सत्यनिष्ठ, बहुश्रुत व गोड लेखक. आपण कोणाच्या आधारानें लिहितों हेंही ते सांगतात. पण तेराव्या शतकांतील घटनेस ते प्रत्यक्ष साक्षीदार होऊं शकत नाहींत. त्यांच्या ग्रंथाची खरी साक्ष अठराव्या शतकाची आहे. त्या काळीं राहुरीच्या टापूंत कोणत्या संतांच्या कथा कोणत्या रूपानें प्रचलित होत्या, कीर्तनाचा श्रोता कोण होता, कुलकर्णी वर्गाची विद्या कशी होती, यांसाठीं महिपतीइतका चांगला साक्षी मिळणार नाहीं. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांच्याविषयींही हाच न्याय. त्यांचा ‘योगसंग्राम’ हा स्वतःच्या काळाचा पुरावा. त्यांच्याविषयींच्या आख्यायिका ह्या त्या आख्यायिका सांगणाऱ्यांच्या काळाचा पुरावा. दोन्ही मोलाच्या, परंतु एकीच्या जागीं दुसरी चालत नाहीं. शिलालेखांकरितां शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा १९६३ चा संग्रह हाताशीं असल्यावर तरी काव्य व लेख यांतील भेद विसरला जाऊं नये.

कबरींच्या बाबतींतही असेंच. मलिक अंबर १६२६ मध्यें वारला. त्याची म्हणून प्रसिद्ध असलेली कबर खुलताबादेस आहे. शेवगांव तालुक्यांतील अमरापूरचे लोक ती आपल्या गांवीं असल्याचें सांगतात व गांवाचें नांवही अंबरावरून पडल्याचें मानितात. जिल्ह्याच्या अभिमानानें अमरापूरच्या बाजूनें निकाल देणें जितकें अयोग्य, तितकेंच स्थानिक परंपरा न ऐकतां फेटाळणेंही अयोग्य. परंपरा परंपरा म्हणून लिहावी आणि तिचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कोठें मिळतो तें शोधावें.

७

अलीकडील दोन प्रबंधांचा निर्देश केल्यावांचून हें परीक्षण पुरें होणार नाहीं. राधेश्याम यांचा निजामशाही राज्यावरील इंग्रजी ग्रंथ १९६६ मध्यें निघाला. फारसी साधनांची बारीक जुळणी, कालक्रमाची शुद्धता व दरबारी पक्षांचें विवेचन यांत तो अजून आधारभूत आहे. परंतु ती राज्याची कथा आहे, भूमीची नाहीं. सुलतान जेथें जातो तेथेंच प्रकाश पडतो. पुष्कर सोहोनी यांचा २०१८ चा निजामशाही वास्तुकलेवरील ग्रंथ या उणिवेवर एक उपाय दाखवितो. महाल, बागा, किल्ले व पाणीपुरवठ्याचीं कामें हींच साधनें मानून ते दरबाराची रीत व राजसत्तेचें स्वरूप वाचतात. ज्या राज्याचें दप्तर जवळजवळ नष्ट झालें त्याचे चिरे बोलके करावयाचे, ही पद्धति आमच्या मतें अत्यंत स्तुत्य. तथापि दोन्ही ग्रंथांच्या स्वरूपामुळेंच अकोलें, संगमनेर, कोपरगांव हा उत्तरेचा मुलूख त्यांत गौण राहतो. जिल्ह्याचे आज चौदा तालुके आहेत आणि विस्तारानें हा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा आहे. एका शहराच्या वेशीतून चौदा तालुके दिसत नाहींत.

८

तर मग जिल्ह्याचा इतिहास लिहावा कसा? आमची सूचना अशी कीं, तालुक्यांच्या सीमा सोडून नद्यांच्या काठाकाठानें लिहावा. जिल्ह्याच्या सीमा इंग्रजी अमलांत ठरल्या व पुनःपुन्हां बदलल्या. नाशिक तर १८६९ मध्यें वेगळा झाला. नद्या त्याहून जुन्या आहेत. एक प्रवराच घ्यावी. रतनगडाच्या पायथ्याशीं उगमाजवळ अमृतेश्वराचें देवालय, खालीं १९२६ मध्यें पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण, पुढें अकोलें, संगमनेर, जोर्वें, मग दायमाबाद, मग नेवासें, आणि शेवटीं गोदावरीस मिळतांना प्रवरासंगमचीं पेशवाईंतील देवालयें. ताम्रपाषाणयुगापासून कालव्याच्या उंसापर्यंत सर्व काळ एका नदीच्या कांठीं ओळीनें उभे आहेत. मुळा, सीना, घोड, भीमा यांचेंही असेंच. डग्डेलनें आपल्या परगण्याची मांडणी करतांना नद्यांचा मागोवा घेतला होता. आमच्या पंचक्रोशींच्या माहात्म्यग्रंथांसही ही रीत अपरिचित नाहीं.

परंतु मांडणी कितीही चांगली योजिली तरी कागदांवांचून ती पोकळच. येथें संग्राहक वाचकांशीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. अहमदनगर येथें १९६० पासून ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे, पुण्यास मंडळाचा संग्रह आहे. तरीही वतनदार घराण्यांच्या माळ्यांवर, मठांच्या पेट्यांत व खाजगी संग्रहांत जें आहे त्याची यादी नाहीं. वाडा पाडतांना रुमाल रद्दीच्या भावानें जातात. जे वांचतात त्यांतील पुष्कळ तुकड्या-तुकड्यांनीं विकले जातात, आणि कागद कोणत्या घरचा हें एकदां पुसलें गेलें कीं त्याचें अर्धें मोल गेलें. गांवच्या गौरवपुस्तकांत अशा कागदांचीं नुसतीं चित्रें छापण्याची चाल पडली आहे. वाचन नाहीं, मिति नाहीं, धनी कोण तें नाहीं. चित्र छापणें म्हणजे प्रकाशन नव्हे.

म्हणून आमची मागणी मोठी नाहीं. आपल्या संग्रहांतील नगर जिल्ह्याच्या प्रत्येक कागदाची एका ओळीची नोंद करावी : गांव, मिति, विषय, कोठून आला, आज कोणापाशीं आहे. मोडी वाचन येत नसेल तर स्वच्छ छायाचित्र काढून संस्थेकडे द्यावें; मूळ घरींच ठेवावें. सूचींत जिल्ह्याचें व शहराचें नांव देतांना मूळ कागदांत असेल तेंच प्रथम द्यावें, मग तें अहमदनगर असो, नुसतें ‘नगर’ असो कीं आणखी कांहीं. आणि कंसांत अहिल्यानगर लिहावें. पुढच्या अभ्यासकास दोन्ही वाटांनीं कागद सांपडला पाहिजे. ज्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्यें याच जिल्ह्यांतील चौंडीस झाला त्यांच्या कारभाराची कीर्ति हिशेबाच्या चोखपणाबद्दलही आहे. त्यांचें नांव धारण करणाऱ्या जिल्ह्याचा इतिहास तरी आधारावांचून लिहिला जाऊं नये.

सारांश, आज वाचकानें प्रसंगासाठीं कुंट्यांचा तबातबा व त्याच्या शेजारीं फिरिश्ता, कालक्रमासाठीं राधेश्याम, इमारतींसाठीं सोहोनी, प्राचीन काळासाठीं सांकळिया व साळी, आणि गांवांसाठीं, दोष ध्यानीं धरून, १८८४ चें गॅझेटियर वाचावें. सर्वांचें काम एकट्यानें करणारा ग्रंथ अद्याप व्हावयाचा आहे. तो लिहिणारा कधीं येईल तो येवो. त्याच्यासाठीं यादी तयार ठेवणें हें काम आजचें आहे, आणि तें या त्रैमासिकाच्या वाचकांच्या हातचें आहे.